मातीत पाणी किती हवं? भराव दाबताना ओलावा नेमकं काय करतो

भरावाचं काम चालू असलं की सगळ्यांचं लक्ष रोलरकडे असतं. रोलर किती टनी आहे, किती फेऱ्या झाल्या, व्हायब्रेशन चालू होतं का बंद, हे सगळं विचारलं जातं आणि विचारायलाच हवं, पण त्या थरात पाणी किती होतं हा प्रश्न बऱ्याचदा दाबलेल्या थराच्या घनतेची टेस्ट फेल झाल्यावरच येतो. माती तीच, रोलर तोच, फेऱ्याही तेवढ्याच, फक्त ओलावा तीन-चार टक्क्यांनी इकडचा तिकडे झाला की पास होणारा थर फेल होतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कधीकधी घनतेचा आकडा पास होतो तरी आतली माती हवी तशी झालेली नसते. यातला दुसरा मुद्दा मला जास्त काळजीचा वाटतो कारण तो कागदावर दिसत नाही. तिथपर्यंत जायला आधी थोडं मागून सुरू करू.

मातीच्या ढिगात तीन गोष्टी असतात, घन कण, कणांमधल्या पोकळीत पाणी, आणि उरलेल्या पोकळीत हवा. रोलर फिरतो तेव्हा कण काही दाबले जात नाहीत, ते दगडाचेच तुकडे आहेत. पाणीही दाबलं जात नाही. दाबली जाते किंवा बाहेर जाते ती हवा. म्हणजे कॉम्पॅक्शन म्हणजे हवा बाहेर काढून कण जवळ आणणं, बस. यात पाणी बाहेर निघत नाही हे नीट लक्षात ठेवा, कारण रोलरचा भार एका जागेवर सेकंदभरच असतो आणि चिकणमातीतून पाणी निघायला महिने, कधी वर्षं लागतात. पाणी हळूहळू पिळून निघून माती बसते त्याला कन्सॉलिडेशन म्हणतात, तो वेगळा विषय, दोन्हीची गल्लत करू नका.

आता ओलावा मोजतात कसा? ओल्या मातीचं वजन घ्यायचं, ती १०५ ते ११० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये साधारण २४ तास वाळवायची, परत वजन घ्यायचं. जो फरक आला ते पाण्याचं वजन, आणि त्याला भागायचं कोरड्या मातीच्या वजनाने, ओल्या मातीच्या नाही. म्हणून तर काही गाळाच्या मातींचा ओलावा १०० टक्क्यांच्याही वर जातो आणि त्यात काही चूक नसते.

घनताही दोन प्रकारची आहे आणि खरी मेख इथेच आहे. ओली घनता म्हणजे पाण्यासकट सगळं वजन भागिले आकारमान. कोरडी घनता म्हणजे त्याच आकारमानात नुसते कण किती वजनाचे आहेत ते. कोरडी घनता काढायला माती वाळवलेलीच हवी असं नाही, ओल्या घनतेला १ अधिक ओलावा याने भागलं की झालं, ओलावा १४ टक्के असेल तर १.१४ ने. आपल्याला कण किती जवळ आले हे बघायचं असतं, पाणी किती भरलं हे नाही, म्हणून सगळा हिशोब कोरड्या घनतेवर चालतो.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी मीच घेतलेत पण गाळयुक्त चिकणमातीला ते शोभतील असेच आहेत. १००० घन सेंटिमीटरचा साचा आहे, त्यात एकच माती वेगवेगळ्या ओलाव्याला सारख्याच ठोक्यांनी दाबली. ८ टक्के ओलाव्याला साच्यात १८१५ ग्रॅम ओली माती बसली, म्हणजे कोरडी घनता १.६८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ११ टक्क्यांना १९४० ग्रॅम, कोरडी १.७५. १४ टक्क्यांना २०५० ग्रॅम, कोरडी १.८० च्या जवळ. १७ टक्क्यांना २०७५ ग्रॅम, कोरडी १.७७. आणि २० टक्क्यांना २०४० ग्रॅम, कोरडी १.७०. आता १४ आणि १७ मधला फरक बघा, साचा २५ ग्रॅमनी जड झाला पण त्यात कण कमी बसलेत! वाढलेलं वजन सगळं पाण्याचं. नुसत्या ओल्या वजनाकडे बघणारा म्हणेल १७ टक्क्यांची माती जास्त घट्ट बसली, आणि तो चुकेल.

हे आकडे आलेखावर मांडले की एक टेकडी तयार होते, आडव्या अक्षावर ओलावा, उभ्यावर कोरडी घनता. टेकडीचा माथा आपल्या उदाहरणात १५ टक्क्यांच्या आसपास येतो. माथ्यावरच्या ओलाव्याला ऑप्टिमम मॉइश्चर कंटेंट म्हणतात, साइटवर सगळे ओएमसी म्हणतात, आणि तिथल्या घनतेला मॅक्सिमम ड्राय डेन्सिटी, म्हणजे एमडीडी. ही गोष्ट नीट मांडली राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने, १९३३ साली. ते लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यात मातीच्या धरणांवर काम करत होते आणि धरणाचा भराव नीट दाबला गेलाय का हे ठरवायला त्यांना एक पक्की पद्धत हवी होती. त्यांच्या नावाची टेस्ट आजही जगभर चालते. साधारण ९४४ घन सेंटिमीटरचा साचा, अडीच किलोचा रॅमर, म्हणजे ठोके द्यायचं वजन, ३०५ मिलिमीटरवरून सोडायचा, तीन थर, प्रत्येक थराला २५ ठोके. वेगवेगळ्या देशांच्या कोडमध्ये साच्याचे आणि रॅमरचे आकडे थोडे इकडे तिकडे आहेत पण कल्पना एकच, दर वेळी ऊर्जा सारखी ठेवायची आणि फक्त पाणी बदलत जायचं.

आता टेकडी का होते? याचं नेहमीचं उत्तर असं की पाणी वंगणाचं काम करतं, कण एकमेकांवरून घसरतात. प्रॉक्टरचं म्हणणंही साधारण याच दिशेचं होतं. समजायला सोपं आहे पण पूर्ण खरं नाही, आणि मला वाटतं थोडं खोलात गेलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. अगदी कमी ओलाव्याला पाणी पोकळीत भरलेलं नसतं, ते कण जिथे एकमेकांना टेकतात त्या कोपऱ्यात चिकटून बसलेलं असतं आणि त्याचा पृष्ठभाग आत वळलेला असतो. या वळलेल्या पृष्ठभागामुळे पृष्ठताण कणांना एकमेकांकडे खेचून धरतो, याला सक्शन म्हणतात. समुद्रावर ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो आणि वाळला की ढासळतो तो याच्यामुळेच. चिकणमातीत कण इतके बारीक असतात की हे सक्शन जबरदस्त असतं, माती छोट्या छोट्या कडक ढेकळांमध्ये बांधली जाते, आणि रोलरची बरीचशी ताकद ती ढेकळं फोडण्यातच जाते. ढेकळं पूर्ण फुटत नाहीत, त्यांच्या मधल्या मोठ्या पोकळ्या तशाच राहतात, घनता कमी. पाणी वाढवत गेलं की सक्शन कमी होतं, ढेकळं मऊ पडतात, तेवढ्याच ताकदीत जास्त चपटी होतात आणि मधली हवा निघून जाते. चढ चालू असतो तो यामुळे.

मग उतार का लागतो? माथ्याच्या आसपास पोकळीतला ८० ते ९० टक्के भाग पाण्याने भरलेला असतो. उरलेली हवा आता सलग वाटांनी बाहेरशी जोडलेली नसते, बुडबुड्यांच्या रूपात पाण्याच्या मधे अडकलेली असते, तिला बाहेर जायला रस्ताच नाही. आता आणखी पाणी घातलं तर ते हवेची जागा घेत नाही, कणांची जागा घेतं. कण लांब ढकलले जातात आणि रोलरचा भार कणांवर जायच्या ऐवजी पाण्यावर जातो, पाणी तो भार काही क्षण पेलतं आणि रोलर पुढे गेला की माती परत वर येते. साइटवर याला पंपिंग म्हणतात, रोलरच्या पुढे मातीची लाट चालताना दिसते. अशा थरावर आणखी फेऱ्या मारणं म्हणजे डिझेल जाळणं, आणि नुसतं वाया जाणं वेगळं, इथे नुकसानही होतं, कारण दर फेरीला माती आडवी कातरली जाते आणि तिची ताकद वाढायच्या ऐवजी कमी होत जाते.

या उताराला एक हद्द आहे जी कुठलाही रोलर ओलांडू शकत नाही. सगळी हवा गेली असं समजा, नुसते कण आणि पाणी उरलंय, तर दिलेल्या ओलाव्याला जास्तीत जास्त घनता किती येईल ते सरळ गणिताने निघतं. कणांची विशिष्ट घनता, म्हणजे कण पाण्याच्या किती पट जड ते, २.७० धरली तर १० टक्के ओलाव्याला ही हद्द २.१३ आहे, १५ टक्क्यांना १.९२, २० टक्क्यांना १.७५. ही झिरो एअर व्हॉइड्स, म्हणजे हवेची पोकळी शून्य, अशी रेषा. प्रॉक्टरचा वक्र तिच्या खालीच राहतो, ओल्या बाजूला तिला जवळपास समांतर खाली उतरतो. हिचा एक फार कामाचा उपयोग आहे जो मला वाटतं पुरेसा केला जात नाही. समजा अशाच मातीचा रिपोर्ट आला की ओलावा २० टक्के आणि कोरडी घनता १.८०, तर तो रिपोर्ट चुकीचाच आहे, कारण २० टक्क्यांना १.७५ च्या वर जाणं शक्यच नाही. एकतर ओलावा चुकला, नाहीतर साइटवर नमुना काढलेल्या खड्ड्याचं आकारमान चुकलं, नाहीतर विशिष्ट घनता वेगळी आहे, पण काहीतरी चुकलंय हे टेबलावर बसून कळतं.

ओएमसी हा मातीचा जन्मजात गुण आहे असा एक समज असतो, तो सोडून द्या. ऊर्जा बदलली की टेकडीच सरकते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जड विमानांच्या धावपट्ट्यांसाठी अमेरिकी सैन्याच्या इंजिनिअरांनी जास्त ऊर्जेची टेस्ट आणली, तीच मॉडिफाइड प्रॉक्टर, ४.५४ किलोचा रॅमर, ४५७ मिलिमीटर उंची, पाच थर. घनमीटरमागे ऊर्जा जवळपास साडेचार पट होते. माती तीच, पण माथा वर जातो आणि डावीकडे सरकतो, म्हणजे घनता जास्त आणि लागणारं पाणी कमी, कारण जास्त ताकद असेल तर ढेकळं फोडायला पाण्याची मदत कमी लागते. म्हणून ९५ टक्के कॉम्पॅक्शन, म्हणजे साइटवरची कोरडी घनता एमडीडीच्या ९५ टक्के, असं नुसतं लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा, कुठल्या प्रॉक्टरच्या ९५ टक्के? स्टँडर्डच्या, म्हणजे आधीच्या हलक्या टेस्टच्या, ९५ आणि मॉडिफाइडच्या ९५ यात बराच फरक पडतो. तसंच साइटवर जड रोलर आणि लॅबमध्ये हलकी टेस्ट असेल तर लॅबमधला ओएमसी रोलरसाठी थोडा जास्तच ओला निघतो.

मातीप्रमाणे माथा कुठे येतो त्याचा अंदाज द्यायचा तर चांगल्या मिश्र खडी-वाळूच्या मटेरियलला ७ ते १० टक्के ओलावा आणि २.० ते २.२ घनता, गाळयुक्त मातीला १२-१८ च्या आसपास, आणि भारी चिकणमातीला २० ते ३० टक्के ओलावा आणि घनता १.४ ते १.७. बारीक कण जास्त म्हणजे पृष्ठभाग जास्त, म्हणजे पाणी जास्त. स्वच्छ वाळू मात्र या कुटुंबात बसतच नाही. वाळू पूर्ण कोरडी असताना चांगली बसते, पूर्ण भिजलेली असतानाही चांगली बसते, आणि मधे ओलसर असताना सगळ्यात वाईट, कारण तेच सक्शन, कण एकमेकांना धरून ठेवतात आणि ढीग फुगतो. काँक्रीटचं काम करणारे याला बल्किंग म्हणतात, बारीक वाळूचं आकारमान २०-३० टक्क्यांनी सहज वाढतं. वाळूतून पाणी पटकन निघून जातं म्हणून तिला भरपूर पाणी मारून व्हायब्रेटरी रोलर चालवला तर काही बिघडत नाही, उलट बरंच. चिकणमातीवर हाच प्रयोग केला तर चिखल.

आता तो मुद्दा ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहितोय. टेकडीवर माथा सोडून कुठलीही उंची घ्या, ती दोन ठिकाणी सापडते, एकदा चढावर, एकदा उतारावर. ९५ टक्के घनता माथ्याच्या कोरड्या बाजूलाही मिळते आणि ओल्या बाजूलाही. घनतेचा आकडा एकच, पण माती एक नाही. कोरड्या बाजूला दाबलेल्या चिकणमातीत कण अस्ताव्यस्त, कोपरे-कडा एकमेकांना टेकलेले असतात आणि ढेकळांच्या मधे मोठ्या वाटा राहतात. ओल्या बाजूला कण एकमेकांना समांतर झोपतात आणि मोठ्या वाटा बंद होतात. मातीची ही अंतर्गत रचना अमेरिकी संशोधक लॅम्ब यांनी १९५८ मध्ये मांडली, नंतरच्या कामात कणांइतकंच ढेकळांनाही महत्त्व आलं, पण वागणुकीतला फरक खरा आहे आणि तो मोठा आहे. कोरड्या बाजूची माती लगेच कडक आणि मजबूत वाटते, गाडी गेली तरी खड्डा पडत नाही. पण ती ठिसूळ असते, आणि पाणी पाझरण्याचा वेग तिच्यात कितीतरी जास्त, त्याच मातीत शंभर पट फरकही सापडतो. सगळ्यात कमी पाझर माथ्याच्या जरा ओल्या बाजूला मिळतो, माथ्यावर नाही.

आणि कोरड्या बाजूची खरी परीक्षा ती पहिल्यांदा भिजते तेव्हा होते. सक्शनने धरून ठेवलेली सगळी रचना पाणी आलं की सैल होते. थर नीट दाबलेला नसेल आणि वर भार असेल तर भराव अचानक खचतो. उलट फुगणारी चिकणमाती असेल आणि भार कमी असेल तर ती पाणी ओढून घेते आणि वर उचलते. फरशा फुटतात, कडेच्या पट्ट्या उचलल्या जातात, आणि सगळे म्हणतात टेस्ट तर पास होती. टेस्ट पास होतीच, पण कुठल्या बाजूने पास होती ते कोणी बघितलं नाही. ओल्या बाजूची माती मऊ असते, लवचिक असते, भिजल्यावर फारशी बदलत नाही, पण वाळली की आकसते आणि भेगा पडतात.

म्हणून कामाप्रमाणे बाजू निवडावी लागते. धरणाचा गाभा किंवा कचरा-डेपोखालचा मातीचा थर असेल तर पाझर कमी हवा, थोडं वाकलं तरी तुटायला नको, म्हणून थोडी ओली बाजू. रस्त्याच्या भरावाला लगेच ताकद हवी म्हणून माथ्याच्या आसपास, बऱ्याच ठिकाणी दोन टक्के वर-खाली चालतं असं धरतात. फुगणारी माती असेल तर कोरडी बाजू टाळायचीच. टीटन धरणाचं उदाहरण इथे द्यायला हवं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं हे मातीचं धरण ५ जून १९७६ रोजी पहिल्यांदाच भरत असताना फुटलं आणि ११ माणसं गेली. कारणं एकापेक्षा जास्त होती, खडकातल्या भेगा नीट बुजवल्या नव्हत्या, पायाचा चर खोल आणि अरुंद होता, पण त्या चरात भरलेली वाऱ्याने वाहून आलेली बारीक गाळाची माती ऑप्टिममपेक्षा कोरडी दाबलेली होती, म्हणजे कडक, ठिसूळ, आणि पाण्याने चटकन झिजणारी. अशा मातीत एकदा भेग पडली की ती स्वतःहून मिटत नाही, पाणी तिला मोठी करत जातं.

शेतात हेच सगळं उलट लागू होतं. तिथे माती दाबली जायला नको असते, आणि जड ट्रॅक्टर वाफसा येण्याआधी शेतात घातला तर नेमक्या त्या ओलाव्याला भार पडतो ज्याला माती सगळ्यात सहज दबते. नांगराच्या तळाखाली कडक थर तयार होतो. चिकणमातीत कोरडी घनता १.५ च्या आसपास गेली की मुळांना खाली जाणं अवघड होतं, वाळूत ती हद्द १.८ पर्यंत असते. रस्तेवाला ज्या माथ्याच्या शोधात असतो त्याच माथ्यापासून शेतकऱ्याने लांब राहायचं.

परत भरावाकडे. पाणी किती मारायचं याचा हिशोब अंदाजाने करू नका, सोपा आहे. १० मीटर रुंद, ५० मीटर लांब, दाबल्यावर २० सेंटिमीटरचा थर म्हणजे १०० घनमीटर. कोरडी घनता १.८० धरली तर १८० टन कोरडी माती. ती ९ टक्के ओलाव्याने आली आणि १५ हवाय तर ६ टक्के कमी, म्हणजे १०.८ टन पाणी, १०,८०० लिटर. वर ऊन-वाऱ्याने उडून जाईल ते वेगळं. आणि हे पाणी वरून शिंपडून लगेच रोलर फिरवला तर वरचे दोन इंच चिखल आणि खाली धूळ, दोन्ही बाजू एकाच थरात! पाणी मारून माती उलटीपालटी करून मिसळायला हवी, आणि चिकणमातीच्या ढेकळांना तर आतपर्यंत भिजायला वेळ द्यावा लागतो, शक्य असेल तर खाणीतच आदल्या दिवशी भिजवलेली बरी. ढेकूळ वरून ओलं दिसतं आणि फोडलं की आत कोरडं असतं, म्हणून फोडून बघा.

साइटवर पटकन ओलावा बघायला कॅल्शियम कार्बाइडचं मीटर वापरतात, पावडर आणि मातीतल्या पाण्याची क्रिया होऊन ॲसिटिलीन गॅस तयार होतो आणि त्याच्या दाबावरून काटा ओलावा दाखवतो. पण बरीचशी मीटर ओल्या वजनावरची टक्केवारी दाखवतात, ती बदलून घ्यावी लागते. काटा १३ दाखवत असेल तर खरा ओलावा ०.१३ भागिले ०.८७, म्हणजे जवळपास १५ टक्के. हे न करता १३ लिहिलं आणि त्याच्यावरून कोरडी घनता काढली तर ती खऱ्यापेक्षा जास्त येते, फेल थर पास दिसतो. हातात माती दाबून गोळा करून बघणं ही जुनी पद्धत मला मनापासून आवडते, गोळा बनतच नसेल तर कोरडी, हाताला चिखल लागत असेल तर ओली, गोळा होऊन बोटाने दाबल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटत असेल तर जवळपास बरोबर, पण ती रोजच्या त्याच मातीसाठी, लॅबच्या आकड्याशी एकदा ताडून बघितल्यावर.

आणि टेस्ट फेल आली तर आधी ओलाव्याचा रकाना वाचा, मग रोलरवाल्याला हाक मारा. घनता कमी आणि ओलावा ऑप्टिममच्या जवळ असेल तरच आणखी फेऱ्यांनी फायदा होईल. घनता कमी आणि माती कोरडी असेल तर थर उकरा, पाणी मिसळा, परत दाबा. घनता कमी आणि माती ओली असेल तर रोलर थांबवा, थर उकरून उन्हात वाळू द्या, आणि ऊन नसेल, काम थांबवता येत नसेल तर चुना मिसळायचा पर्याय आहे, चुना पाणी शोषतो आणि चिकणमातीची रचनाही बदलतो, फक्त मग प्रॉक्टर नव्याने करावी लागते कारण चुना घातल्यावर ऑप्टिमम वर सरकतो आणि एमडीडी खाली येते, जुन्या आकड्याशी तुलना केली तर चांगला थरही फेलच दिसत राहील.